वाणाचे कूळ आणि नोंदवही : संगणकावरील नोंदींतून पिकांच्या वाणांचे मूळ कसे शोधावे

खरिपाचा हंगाम जवळ येऊ लागला म्हणजे तिवसा तालुक्यातील बाजारपेठांत बियाण्याच्या पिशव्यांची रास लागते. सोयाबीन, कपाशी, तूर ह्या प्रत्येक पिकाची निरनिराळी नावे दुकानात दिसतात. शेतकरी नाव पाहतो, किंमत विचारतो, शेजाऱ्याचा गतवर्षीचा अनुभव ऐकतो आणि पिशवी घरी नेतो. परंतु त्या वाणाचे आईबाप कोण, ते कोणत्या संस्थेत तयार झाले, कोणत्या सालापासून लागवडीत आहे आणि त्याचे बी पुढील वर्षी राखून ठेवता येईल किंवा नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पूर्वी ह्या प्रश्नांची उत्तरे संशोधन केंद्राच्या दप्तरातच मिळत असत. आज त्यांतील बरीचशी माहिती सरकारी संकेतस्थळांवर सर्वांना खुली आहे. ती कोठे पाहावी, कशी वाचावी आणि तिचा शेतीत काय उपयोग करावा, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

वाणांची नोंद ठेवण्याची परंपरा

जातिवंत बैल घेताना त्याच्या आईबापांची चौकशी करण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. वनस्पतींच्या बाबतीतही अशीच चौकशी करता यावी म्हणून जगात निरनिराळ्या नोंदवह्या निर्माण झाल्या. आयरिस नावाचे एक शोभिवंत फुलझाड थंड प्रदेशांतील बागांत लावतात. त्याचे हजारो वाण हौशी बागाईतदारांनी तयार केले आहेत. १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीने ह्या वाणांची नोंद ठेवण्याचे काम अंगावर घेतले. वाणाचे नाव, ते तयार करणाऱ्याचे नाव, नोंदणीचे साल, झाडाची उंची, फुलण्याचा काळ, फुलाचा रंग आणि मादी व नर ह्या दोन्ही बाजूंचे पालक इतकी माहिती प्रत्येक नोंदीत असते. त्यामुळे एका फुलावरून त्याच्या आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जाता येते. हे सर्व आता संगणकावर पाहता येत असल्याने घरी बसून वंशवृक्ष तयार करणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

फुलझाडांच्या बाबतीत ही हौस असेल. पण अन्नाच्या व पैशाच्या पिकांच्या बाबतीत ती गरज आहे. फुलाचा रंग चुकला तर एक वाफा बिघडतो. सोयाबीनचे किंवा कपाशीचे वाण चुकले तर वर्षाचा संसार बिघडतो.

आपल्या देशातील तीन नोंदी

आपल्याकडे वाणांची माहिती एकाच ठिकाणी नाही. प्रश्नाच्या स्वरूपाप्रमाणे निरनिराळ्या नोंदी पाहाव्या लागतात. त्यांपैकी तीन नोंदींची ओळख प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला असली पाहिजे.

पहिली नोंद अधिसूचित वाणांची. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये केंद्र सरकार जे वाण राजपत्रात प्रसिद्ध करते त्यास अधिसूचित वाण म्हणतात. प्रमाणित बियाणे अशाच वाणाचे तयार होऊ शकते. ‘सीडनेट’ ह्या सरकारी संकेतस्थळावर पीकवार यादी पाहता येते. हे वाण शासनमान्य आहे काय, ते केव्हा अधिसूचित झाले आणि कोणत्या संस्थेने तयार केले, ह्या प्रश्नांसाठी ही नोंद पाहावी. बियाण्याच्या पिशवीचा प्रवास शोधता यावा म्हणून २०२३ साली ‘साथी’ ही वेगळी व्यवस्थाही सुरू झाली आहे; परंतु तिचा हेतू बियाण्याचा माग काढणे हा आहे, वंशावळ सांगणे हा नव्हे.

दुसरी नोंद पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाची. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये हे प्राधिकरण ११ नोव्हेंबर २००५ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय नवी दिल्ली येथे आहे. येथे वाणाची नोंदणी होण्यापूर्वी त्याचा वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता ह्या तीन गुणांची परीक्षा केली जाते. अर्जदाराने ज्या पालकांपासून वाण तयार केले त्यांची माहिती अर्जात द्यावी, असे कायद्याचे बंधन आहे. हे वाण कोणाच्या मालकीचे आहे आणि त्याची ओळखीची लक्षणे कोणती, ह्यासाठी ही नोंद व प्राधिकरणाचे नियतकालिक पाहावे. नोंदणीचे संरक्षण झाडे व वेली ह्यांना १८ वर्षे आणि इतर पिकांना १५ वर्षे मिळते.

तिसरी नोंद जननद्रव्याची. वाण तयार होण्यापूर्वीचा जो कच्चा माल, म्हणजे गावोगावचे जुने बी, रानटी नातेवाईक व परदेशातून आणलेले नमुने, त्यांचा संग्रह राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. ह्या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र अकोला येथेच आहे, ही वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक नमुन्यास क्रमांक असतो. देशातील नमुन्याच्या क्रमांकापूर्वी ‘आय. सी.’ आणि परदेशातून आलेल्या नमुन्याच्या क्रमांकापूर्वी ‘ई. सी.’ ही अक्षरे असतात. वंशावळीत मागे जाताना एखादा पालक ‘ई. सी.’ क्रमांकाचा निघाला, तर ते रक्त बाहेरच्या देशातून आले असे समजावे.

ह्या तीन नोंदींखेरीज त्या त्या पिकाच्या संशोधन संस्था व कृषी विद्यापीठे आपापल्या वाणांच्या याद्या प्रसिद्ध करतात. आईबापांची नावे बहुधा ह्याच याद्यांत सर्वांत स्पष्ट मिळतात.

नोंद कशी वाचावी

वंशावळीच्या रकान्यात दोन नावांमध्ये फुलीचे चिन्ह असते. फुलीच्या आधी मादी पालक व नंतर नर पालक लिहावयाचा, असा सर्वसाधारण संकेत आहे. उदाहरणार्थ, जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण एच-४ हे १९७० साली सुरत येथे डॉ. चं. त्रि. पटेल ह्यांनी दिले. त्याची वंशावळ ‘गुजरात ६७ × अमेरिकन नेक्टरीलेस’ अशी आहे. म्हणजे बोंडे गुजरात ६७ च्या झाडावर धरली आणि पराग दुसऱ्या वाणाचा वापरला.

फुलीच्या जागी ‘निवड’ असा शब्द असला, तर जुन्या वाणातून किंवा स्थानिक बियाण्यातून चांगली झाडे वेचून ते वाण तयार झाले असे समजावे. तुरीचे मारुती हे मररोगास प्रतिकारक वाण अशाच निवडीतून आले आहे. ‘उत्परिवर्तन’ असा शब्द असला, तर किरणोत्सर्ग किंवा रसायन ह्यांच्या योगाने जुन्या वाणाच्या बियांत बदल घडवून ते मिळविले आहे.

वाणाच्या नावातील अक्षरेही पुष्कळ काही सांगतात. ‘जे. एस.’ म्हणजे जवाहर सोयाबीन; हे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे. १९८५ सालचे उडदाचे वाण ‘टी. ए. यू. १’ आणि १९९१ सालचे भुईमुगाचे वाण ‘टी. ए. जी. २४’ ह्यांतील पहिली दोन अक्षरे ट्रॉम्बे व अकोला ह्या गावांची आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ ह्यांच्या सहकार्याची ती खूण होय. टी. ए. यू. १ ची वंशावळ पाहिली तर टी-९ हे जुने वाण आणि यू. एम. १९६ हे उत्परिवर्तित वाण असे दोन पालक आढळतात. सोयाबीनच्या ‘टी. ए. एम. एस. ३८’ ह्या वाणाच्या नावात ट्रॉम्बेबरोबर अमरावतीही आली आहे; हे वाण जे. एस. ८०-२१ ह्या वाणापासून उत्परिवर्तनाने मिळविले आहे.

सोयाबीनचे उदाहरण

तिवसा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने सहा एकरांत तीन वाणांचे सोयाबीन पेरावयाचे ठरविले, असे समजू. एकच वाण सर्व शेतात पेरले आणि रोग आला किंवा पावसाने ओढ दिली, तर सर्वच पीक जाईल. तीन वाण पेरले तर जोखीम वाटली जाईल, हा त्याचा हेतू. त्याने जे. एस. ३३५, जे. एस. ९३-०५ आणि जे. एस. ९५-६० ही तीन नावे निवडली. वरवर पाहता तीन नावे तीन वाण आहेत. आता वंशावळ पाहू.

जे. एस. ३३५ हे वाण १९९४ सालचे. त्याचे पालक जे. एस. ७८-७७ व जे. एस. ७१-०५. ह्या एका वाणाने पुढे मध्य भारतातील फार मोठे क्षेत्र व्यापले. जे. एस. ९३-०५ व जे. एस. ९५-६० ह्या दोहोंच्या नोंदी मात्र एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ही दोन्ही वाणे पी. एस. ७३-२२ ह्या साहित्यातून निवडीने काढलेली आहेत. म्हणजे ती एका घरची भावंडे होत. दोन्ही लवकर येणारी आहेत. ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने दगा दिला तर दोघांवर संकट जवळजवळ एकाच वेळी येण्याचा संभव अधिक. तेव्हा तीन नावे घेऊनही शेतकऱ्याने प्रत्यक्षात दोनच घरांशी सोयरीक केली. त्याने दोन भावंडांपैकी एक ठेवावे आणि तिसऱ्या जागी निराळ्या कुळातील वाण घ्यावे. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राने दिलेली ‘ए. एम. एस.’ मालिकेतील वाणे ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. त्यांची चाचणी ह्याच हवामानात झालेली असते.

तुरीत हा विचार रोगाच्या बाबतीत करावा. आशा, म्हणजे आय. सी. पी. एल. ८७११९, हे १९९३ सालचे वाण मर व वांझ ह्या दोन्ही रोगांस प्रतिकारक आहे. त्याचा एक पालक सी-११ हे जुने वाण आहे. बी. एस. एम. आर. ७३६ ह्याचे पालक आय. सी. पी. ७२१७ व नंबर १४८ हे आहेत. मारुती मररोगास तोंड देते, पण वांझ रोगास बळी पडते. ज्या शिवारात वांझ रोग दरवर्षी दिसतो तेथे केवळ ‘मारुती चांगले’ एवढ्या लौकिकावर ते पेरणे हिताचे नाही.

कपाशी : नावे अनेक, जनुके तीच

कपाशीच्या बाबतीत नोंद वाचण्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. भारतात बीटी कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुके असलेल्या दुसऱ्या प्रकारास २००६ साली मिळाली. बीटी जनुक प्रथम अमेरिकेतील कोकर ३१२ ह्या कापूस वाणात घातले गेले आणि तेथून पुनःपुन्हा संकर करून निरनिराळ्या संकरित वाणांच्या पालकांत आणले गेले. त्यामुळे दुकानात शंभर नावांच्या पिशव्या असल्या, तरी बोंडअळीविरुद्धचे शस्त्र बहुतेक सर्वांत तेच आहे.

गुलाबी बोंडअळी ह्या शस्त्रास सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे तिने फार मोठे नुकसान केले. त्यानंतर अनेक शेतकऱ्यांनी कंपनी बदलली, पिशवी बदलली, अधिक किंमत दिली. अळी मात्र गेली नाही. कारण नाव बदलले तरी जनुके बदलली नव्हती. पिशवीवरील माहितीत व मंजुरीच्या नोंदीत जनुकाचा प्रकार पाहिला असता, तर हा खर्च वाचला असता. अशा वेळी उपाय वाणाच्या नावात शोधू नये. कमी कालावधीचे वाण घ्यावे, कामगंध सापळे लावावे, हंगाम वेळेवर संपवावा आणि फरदड घेऊ नये.

येथे दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी. संकरित वाणाचे बी राखून पेरले तर पुढील पिढीत आईबापांचे गुण फुटून निघतात आणि पीक एकसारखे येत नाही. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने त्याच्या सरळ वाणाचे बी घरी राखता येते. मात्र बियांचे कवच नाजूक असल्याने मळणी जपून करावी आणि पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासावी. शंभर दाण्यांपैकी निदान सत्तर उगवले पाहिजेत. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होते, म्हणून दोन वाण शेजारी असल्यास घरच्या बियाण्याची शुद्धता टिकत नाही. वाण सरळ की संकरित, एवढे एकच नोंदीतून कळले तरी बियाण्याचा पुष्कळ खर्च वाचू शकतो.

संत्रा : एका झाडाची दोन कुळे

संत्र्याच्या कलमाला दोन वंशावळी असतात. डोळा ज्या मातृवृक्षाचा, त्याच्यावर फळाचा गुण अवलंबून. खुंट ज्या जातीचा, त्याच्यावर मुळांचे आरोग्य अवलंबून. विदर्भात जंबेरी व रंगपूर लिंबू हे दोन खुंट प्रामुख्याने वापरतात. जंबेरी डिंक्या रोगास अधिक बळी पडते. रंगपूर त्या मानाने अधिक तग धरते. रोपवाटिकेतून कलमे आणताना ‘नागपुरी संत्रा’ एवढेच लिहून घेण्याने काम भागत नाही. खुंट कोणता आणि डोळे कोठील मातृवृक्षांचे, हेही पावतीवर लिहून घ्यावे. सोयाबीनची चूक एका हंगामात कळते. संत्र्याची चूक पाच-सहा वर्षे खते व पाणी घातल्यावर कळते.

शेतकऱ्याचे स्वतःचे वाण

नोंदवही केवळ विद्यापीठांची व कंपन्यांची आहे असे समजू नये. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ह्यांनी १९८३ साली ‘पटेल ३’ ह्या धानाच्या शेतात काही निराळ्या लोंब्या पाहिल्या. त्या वेगळ्या राखून, वर्षानुवर्षे निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचे ‘एच. एम. टी.’ हे वाण तयार केले. त्या वाणाचा प्रसार अनेक राज्यांत झाला. परंतु त्या काळी शेतकऱ्याच्या वाणाची नोंद घेणारा कायदाच नव्हता. वाण पुढे गेले. ते तयार करणाऱ्या अल्पभूधारकाची ओळख मात्र फार मागून झाली. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले.

२००१ च्या अधिनियमाने ही उणीव भरून काढली आहे. शेतकऱ्याने स्वतः तयार केलेल्या किंवा पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या वाणाची नोंदणी करण्यास शुल्क पडत नाही. तसेच संरक्षित वाणाचे बीही शेतकऱ्यास राखता येते, पेरता येते, शेजाऱ्यास देता येते व विकताही येते. फक्त ते ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. गावातील जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठ ह्यांच्यामार्फत शेतकऱ्याच्या अर्जास दुजोरा मिळू शकतो. अर्ज करण्यापूर्वी त्याने एक साधी वही ठेवावी : मूळ बी कोणाकडून व कोणत्या साली आले, वेगळे झाड प्रथम कोठे दिसले, प्रत्येक वर्षी किती झाडे निवडली, उंची, फुलोरा व काढणीच्या तारखा काय होत्या. ही वही म्हणजेच त्या वाणाची वंशावळ होय. ती नसेल तर शेतकऱ्याचे म्हणणे खरे असूनही सिद्ध करणे कठीण जाते.

नोंदीच्या मर्यादा

नोंद म्हणजे शिफारस नव्हे. एखादे वाण नोंदवहीत आहे म्हणून ते तिवश्याच्या भारी काळ्या जमिनीत किंवा वर्धा नदीकाठच्या शिवारात चांगले येईलच, असे नाही. त्यासाठी विद्यापीठाची शिफारस व आपल्या शेतातील लहान चाचणी ह्यांचाच आधार घ्यावा. खाजगी संकरित वाणांच्या नोंदीत पालकांची नावे पुष्कळदा केवळ सांकेतिक अक्षरांत असतात. त्यांवरून खरे नाते उमगत नाही. सत्यदर्शक, म्हणजे हिरव्या लेबलाचे बियाणे अधिसूचित नसलेल्या वाणाचेही असू शकते. तेव्हा त्याची नोंद सापडेलच असे नाही. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे, पायाभूत बियाण्याचे पांढरे व पैदासकार बियाण्याचे सोनेरी पिवळे असते. शिवाय एकाच वाणाला क्रमांक व लोकप्रिय नाव अशी दोन नावे असतात, म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

उन्हाळ्यात, बियाण्याची खरेदी सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक गावात पुढील काम करावे.

(१) गतवर्षी गावात पेरलेल्या सर्व वाणांची यादी करावी. नावे पिशवीवरील लेबलावरून जशीच्या तशी उतरून घ्यावी; ऐकीव नाव लिहू नये.

(२) प्रत्येक नावापुढे पाच रकाने आखावे : सरळ की संकरित, अधिसूचनेचे साल, तयार करणारी संस्था, आईबाप किंवा मूळ, आणि रोगप्रतिकार.

(३) हे रकाने मोबाइलवर किंवा ग्रामपंचायतीतील संगणकावर नोंदी पाहून भरावे. जे सापडत नाही तेथे ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. रिकामा रकाना हीदेखील माहितीच आहे.

(४) एकाच मूळापासून आलेल्या वाणांना एका रंगाची खूण करावी. सर्व गावाचे क्षेत्र एकाच रंगात गेलेले दिसले तर तो धोक्याचा इशारा समजावा.

(५) शंका उरल्यास घातखेड किंवा दुर्गापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे, अथवा अकोल्याच्या विद्यापीठाकडे विचारणा करावी.

(६) गावात कोणाकडे जुनी देशी ज्वारी, तूर, वाल किंवा इतर बी राखलेले असल्यास त्याचा इतिहास घरातील वडीलधाऱ्यांकडून, विशेषतः बी जपणाऱ्या स्त्रियांकडून, लिहून घ्यावा आणि लोकजैवविविधता नोंदवहीत उतरवावा.

तयार झालेली यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. पुढील वर्षी तीत भर घालावी. तीन-चार वर्षांत गावाची स्वतःची वाणांची नोंदवही तयार होईल आणि दुकानात पिशवी हातात घेणारा शेतकरी नावाबरोबर कूळही विचारू लागेल.